पी.पी. नंबरवरचं लिनक्स

मोडेम किंचाळत होता आणि सुमनबाई दारात उभी होती.

"झालं का व?"

"नाही."

"अजून किती?"

मी स्क्रीनवरच्या निळ्या पट्टीकडे बोट दाखवलं. पट्टी जवळजवळ उजव्या टोकाला टेकली होती. "थोडंच राहिलंय. पण आता फोन नको, सुमनबाई. डाउनलोड चालू आहे."

'डाउनलोड' हा शब्द त्या काळी मी असा उच्चारायची, जसा सर्जन 'ऑपरेशन' म्हणतो. सुमनबाईवर काही परिणाम झाला नाही. मासोळीची रिकामी टोपली उंबरठ्याबाहेर ठेवून ती भिंतीला टेकून बसली.

"आज इतवार हाये. माह्या वर्षाचा फोन येते. बसते मी इथीच."

"फोन येणार नाही. लाइन एंगेज आहे."

"मंग ते तुमचं संपेपर्यंत बसते."

दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. गाव सावली. मी एका शिक्षण संस्थेच्या महिला कॉम्प्युटर सेंटरची इन्चार्ज होते. नाव शमीम. वय चाळिशीचं, डोळ्यांवर नवा चष्मा, आणि चंद्रपूरला केलेल्या डिप्लोम्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर. ते सर्टिफिकेट येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशाच उंचीवर लावलं होतं. पायपुसण्याच्या आधी ते दिसायचं.

सेंटर म्हणजे गल्लीतल्या घराच्या समोरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि टेलिफोन, आतल्या खोलीत पाच कॉम्प्युटर. गल्लीत तेवढा एकच फोन. त्यामुळे तो संस्थेचा कमी आणि गल्लीचा जास्त. ज्यांच्याकडे मोबाइलच आहे त्यांना पी.पी. नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं. तुमच्या घरी फोन नसेल तर शेजाऱ्याचा नंबर तुम्ही आपला म्हणून द्यायचा आणि पुढे 'पी.पी.' लिहायचं. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, जावयाच्या डायरीत, सगळीकडे. फोन आला की शेजाऱ्यानं हाक मारायची. आमचा नंबर गल्लीतल्या निम्म्या घरांनी असा दिलेला होता. मी कॉम्प्युटर शिकवता शिकवता दारात जाऊन ओरडायची, "अहो गुरनुलेबाईऽऽ, ब्रह्मपुरीवाले!"

सुमनबाईची थोरली वर्षा माझ्याच सेंटरमध्ये शिकली आणि नागपूरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर लागली. दर रविवारी दुपारी ती आईला फोन करायची. धाकटी छाया त्या वर्षी माझ्याकडे परीक्षेला बसणार होती.

आणि ती परीक्षाच धोक्यात होती.

झालं असं, की परीक्षा मंडळाचं पत्र आलं. प्रत्येक सेंटरची तपासणी होणार. ज्यांच्याकडे लायसन्सचं सॉफ्टवेअर नाही त्यांची मान्यता जाणार आणि तिथल्या मुलींना चंद्रपूरच्या सेंटरवर परीक्षा द्यावी लागणार. पत्र घेऊन मी संस्थेच्या सचिवांकडे गेले. सचिवभाऊंची राईस मिल होती. मिलच्या आवाजात ओरडून बोलायची सवय त्यांना मिल बंद असतानाही सुटत नसे.

"आपल्या विंडोजचं लायसन्स कुठी हाये, बाई?"

"नाही, भाऊ."

"नाई म्हणजे? मंग पाच कॉम्प्युटर चालून कसे राह्यले?"

"चोरीच्या सीडीवर. मशीन देणाऱ्यानंच टाकून दिलं होतं."

"चोरीचं काऊन म्हणता? सोबत आलेलं म्हणा." मग त्यांनी आवाज कमी केला. म्हणजे आता फक्त शेजारच्या दोन दुकानांना ऐकू जात होता. "लायसन्स घ्याले किती लागते?"

मी आकडा सांगितला. सचिवभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते पैसे खाणार होते.

"मुलींले चंद्रपूरले पाठवा मंग. बस तर जाते."

बस जायची. मुली जाणार नव्हत्या. शेजारच्या खेड्यांतून सायकलवर येणाऱ्या पोरी होत्या त्या. सावलीपर्यंत पाठवायलाच घरच्यांना किती समजवावं लागलं होतं. छायाच्या बापानं तर स्पष्ट सांगितलं होतं: परीक्षा गावात असेल तर दे, नाहीतर तलावावर जाळं ओढायला चल.

म्हणून मी लिनक्स शोधून काढलं.

विंडोज जसं कॉम्प्युटर चालवतं तसंच लिनक्सही चालवतं. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टम म्हणतात. फरक एवढाच, की लिनक्स फुकट. कॉपी करा, वाटा, कोणी पकडत नाही. उलट वाटा असं त्याच्या लायसन्समध्येच लिहिलेलं. एका मासिकात मी हे वाचलं आणि सचिवभाऊंना सांगितलं. त्यांच्या कानात सगळ्या वाक्यातला एकच शब्द शिरला.

"फुकट? मंग आणा नं बाई! वाट कोणाची पाह्यता?"

इंटरनेटवरून आधी मी इन्स्टॉलेशन गाईड उतरवलं. ते शब्दांचंच असल्यामुळे हलकं होतं, एका बैठकीत आलं. दोनशेच्या वर पानं. पहिली दहा वाचून मला सगळं समजलं. बाकीची वाचायची गरज उरली नाही. प्रिंट काढू का, असं सचिवभाऊंना विचारलं.

"मशीनमंधी दिसून राह्यलं नं? मंग कागद कशाले नासवता?"

मला पटलं. गाईड मशीनमध्ये ठेवलं. हे वाक्य लक्षात असू द्या.

आदल्या रविवारी वर्षाचा फोन आला होता. सुमनबाईचं बोलणं व्हायच्या आधी रिसीव्हर मी घेतला.

"वर्षा, मी लिनक्स डाउनलोड करतेय."

"मॅडम, सावलीच्या लाइनवरून? आमच्या दुकानात त्याच्या सीड्या..."

"तू बघच," मी म्हणाले आणि रिसीव्हर तिच्या आईच्या हातात दिला. मुलीनं वाक्य पूर्ण करावं एवढी फुरसत मला नव्हती. मी आधुनिक बाई होते.

मग आठवडाभर मी ती फाईल ओढली. सीडीत जे काही असतं ते सगळं एका फाईलमध्ये बांधलेलं असतं. ती उतरवायची, कोऱ्या सीडीवर चढवायची, झालं. फक्त ती फाईल म्हणजे हत्ती आणि आमची टेलिफोन लाइन म्हणजे स्ट्रॉ. शिवाय लाइन मध्येच तुटली तर ज्या सर्व्हरवरून मी घेत होते तो अर्धवट फाईल पुढे चालू करायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून. भरलेली घागर उंबरठ्यावर सांडली की पुन्हा विहिरीवर.

आणि घागर सांडायला अख्खी गल्ली टपलेली. कोणीतरी यायचं, फोन करायला रिसीव्हर उचलायचं आणि माझी लाइन तुटायची. एकदा सुमनबाईनं उचलला. मोडेमचा आवाज ऐकून तिनं तो कानापासून लांब धरला.

"अवं शमीमबाई! आत कोणी कोंबडं कापून राह्यलं!"

कापलं गेलं होतं माझं डाउनलोड. दोन दिवसांचं.

त्या दिवशी मी फोनचं डबडं वायरीपासून सोडवलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. वायर सरळ मोडेमला. क्लास सुटला की डाउनलोड, सुट्टीत डाउनलोड, रात्रभर डाउनलोड. आणि मध्ये क्लास चालू असताना? तेव्हाही डाउनलोड, डबडं कपाटातच. म्हटलं, परत काढा, परत जोडा, कशाला? लोकांना सवय लागू दे.

गल्ली माझ्यावर तापली. गुरनुलेबाईंनी भाजी देणं बंद केलं. आमच्या यांचं सायकलचं दुकान कोपऱ्यावरच होतं. सगळ्यांची गाऱ्हाणी तिथे जमा व्हायची. रात्री जेवताना हे म्हणायचे, "बेगम, पूरा मोहल्ला पूछ रहा है, फोन बीमार है क्या?"

"टेक्निकल काम चालू आहे," मी म्हणायची.

तर आता पुन्हा त्या रविवारी. सुमनबाई भिंतीशी, मी स्क्रीनशी. तपासणी बुधवारी होती. पट्टी टोकाला पोहोचतच आली होती. मी हात चोळले. मनात सचिवभाऊ माझा सत्कार करत होते. शाल निवडून झाली होती, नारळ तेवढा राहिला होता.

आणि लाइट गेली.

यू.पी.एस.नं दोन-तीनदा टूं टूं केलं. त्याच्या बॅटरीला पाणी पडलं नव्हतं की तिनंच पाणी मागितलं नव्हतं, अल्लाला ठाऊक. तोही गेला. स्क्रीन काळी झाली. त्यात मला माझा चष्मा दिसला.

सुमनबाई म्हणाली, "आता तरी लावा व फोन. आता तं कोंबडंबी नाई."

मी उठले. कपाट उघडलं. डबडं काढलं, वायर जोडली, टेबलावर ठेवलं. टेलिफोनला लाइट लागत नाही, हे एक बरं होतं. हात काढून घेते न घेते तोच तो वाजला.

"हॅलो, मॅडम? लागला बाप्पा एकदाचा! मॅडम, मी मंगळवारपासून फोन लावून राह्यली. तुमच्या सीड्या पोचल्या का?"

"कोणत्या सीड्या?"

"लिनक्सच्या! सोमवारी कॉपी केल्या, मंगळवारच्या गडचिरोली गाडीवर देल्या. गाडीचा नंबर सांगाले फोन करते तं एंगेज, एंगेज, एंगेज!"

इथे एस.टी.वरून पार्सल पाठवायची आमच्याकडची रीत सांगते. पुडा ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. त्यावर पत्ता-बित्ता काही नाही. पाठवणाऱ्यानं घेणाऱ्याला फोन करून सांगायचं, अमुक गाडी, अमुक वेळ, ड्रायव्हर अमुक. घेणाऱ्यानं स्टँडवर जाऊन हात पुढे करायचा. ड्रायव्हर स्वतःहून कोणाला विचारत नाही. कोणी मागायला येईपर्यंत पुडा त्याच्या सीटमागं.

म्हणजे मंगळवारपासून लिनक्स नागपूर-मूल-सावली-गडचिरोली फिरत होतं. जाताना एकदा आणि येताना एकदा, आमच्या गल्लीच्या तोंडावरून. मी आत बसून ते अमेरिकेतून ओढत होते.

"कोणती गाडी?" मी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

वर्षानं ड्रायव्हरचं वर्णन केलं. मोठ्या मिशा, गळ्यात हिरवा रुमाल. सुमनबाई रिसीव्हरला कान लावूनच होती. ती उडाली.

"अवं, तो? तो तं माह्या हातचे झिंगे घेते रोज! आत्ता येईन त्याची गाडी!" आणि लेकीशी एक शब्द न बोलता टोपली उचलून ती पळाली. आठवडाभर ज्या फोनसाठी बसली होती तो तसाच टेबलावर सोडून.

मीच वर्षाशी बोलत राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून हवापाणी विचारलं.

सुमनबाई परत आली तेव्हा टोपलीत पेपरमध्ये गुंडाळलेला पुडा होता. ड्रायव्हर तिला म्हणाला म्हणे, "बाई, तुम्हीच होय? मी म्हणून राह्यलो, सावलीत कोणी वालीच नाई का याले!" पुड्याला झिंग्यांचा वास लागला होता. उघडून पाहिलं तर आत दुकानाचा एक कागद आणि तीन सीड्या.

तीन. मी ज्या हत्तीशी झगडत होते तो पहिला होता. मागे अजून दोन उभे होते. हे गाईडच्या अकराव्या पानावर लिहिलेलं होतं.

सोमवारी मुलींना सुट्टी देऊन इन्स्टॉलेशनला बसले. सीडी ड्राइव्ह एकाच मशीनला होता. पहिली सीडी दुपट्ट्यानं पुसून आत घातली. प्रश्न येऊ लागले, मी धडाधड उत्तरं देऊ लागले. हार्ड डिस्कचे भाग पाडायचे होते. त्याला पार्टिशन म्हणतात. धानाच्या मोठ्या बांधीत मधोमध मातीचा धुरा घालून एका वाफ्याच्या दोन बांध्या करतात तसंच. मशीननं विचारलं, आधीचं सगळं पुसू का? मी 'यस' म्हटलं. आधीचं म्हणजे चोरीचं विंडोज. जाऊ दे.

विंडोज गेलं. त्याच्यासोबत गाईडही गेलं. कारण ते मी मशीनमध्ये ठेवलं होतं. याच मशीनमध्ये.

पुढचा प्रश्न स्क्रीनवर आला तेव्हा उत्तर बघायला मी सवयीनं माउस हलवला, आणि मग मला कळलं, की मी वाट विचारायला ज्याच्याकडे चालले होते त्यालाच नुकतं पुरलं होतं.

मशीनचं टेबल ओढून बाहेर फोनशेजारी आणलं आणि वर्षाच्या दुकानात फोन लावला.

"मॅडम, गाईड असन नं तुमच्याजवळ?"

"होतं," मी म्हणाले.

हुशार पोरगी. एवढ्यावरच समजली. हसली असेल, पण रिसीव्हरवर हात ठेवून. तिच्या दुकानात तेच गाईड होतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती वाचून सांगायची, मी इकडे दाबायची. गिऱ्हाईक आलं की "मॅडम, होल्ड", आणि मी नागपूरच्या दुकानातलं भाव करणं ऐकत बसायची.

आणि दारात सुमनबाई. गुरनुलेबाई फोन करायला आल्या, तिनं हात आडवा केला.

"आता फोन नको, बाई. इन्स्टॉलेशन चालू हाये."

शब्द माझा नव्हता, पण सूर हुबेहूब माझा होता. मी मान खाली घालून 'नेक्स्ट' दाबलं.

एक मशीन झालं, तसा पुढचा रस्ता कळला. मंगळवारी झाकणं उघडून तोच ड्राइव्ह काढायचा, दुसऱ्याला लावायचा, असं करत पाचही मशीन झाली. छाया आणि मुली सोबत होत्या. त्यांना लिनक्सची अर्ध्या दिवसात सवय झाली. मला महिना लागला.

बुधवारी तपासनीस आले. सोबत सचिवभाऊ, इस्त्रीच्या कपड्यांत. स्क्रीनवर पेंग्विन बघून तपासनीस वाकले.

"हे बदक कशाचं?"

"पेंग्विन आहे, सर. लिनक्स. फुकट आणि कायदेशीर."

"लायसन्स दाखवा."

लायसन्सची मी मुद्दाम प्रिंट काढली होती. ह्या वेळी सचिवभाऊंना न विचारता. तपासनीसांनी पानं उलटली, शेवटच्या पानावर गेले, मागची कोरी बाजूही पाहिली.

"सही-शिक्का कुठे आहे?"

"सर, हे सगळ्या जगासाठी एकच आहे. त्यावर सही नसते."

"सहीशिवाय लायसन्स कसं असेल, मॅडम? बिल तरी?"

"फुकट आहे, सर. बिल कसं असेल?"

सचिवभाऊ माझ्या कानाशी आले आणि मिलच्या आवाजात कुजबुजले, "संस्थेचा शिक्का मारू का त्याच्यावर?" तपासनीसांनी नाही ऐकलं असं दाखवलं.

छाया मागे उभी होती. ती माझ्याकडे पाहात नव्हती, तपासनीसांच्या हातातल्या पेनाकडे पाहात होती. पेन तपासणीच्या फॉर्मवरच्या 'नाही'च्या चौकोनावर होतं.

"बाई, तो पुड्यातला कागद?" ती हळूच म्हणाली.

पुड्यात वर्षानं दुकानाची पावती घातली होती. कोऱ्या सीड्यांची. सवयीनं घातली असेल. मी ती काढून दिली. वर छापील नाव, खाली 'सीडी, लिनक्स', आणि कोपऱ्यात गोल निळा शिक्का. शिक्का इतका ठसठशीत होता की दुकानदारानं राग काढला असावा.

तपासनीसांचा चेहरा खुलला. "हां! हे आधी द्यायचं ना, मॅडम!" मग कागद नाकाजवळ नेला. "याला वास कशाचा येतोय?"

"पार्सल लांबून आलंय, सर," मी म्हणाले.

त्यांनी छायाला एक अर्ज टाइप करायला लावला. तिनं बसल्या बसल्या केला, प्रिंटही काढून दिली. पेन 'होय'च्या चौकोनात गेलं. जगातल्या इतक्या हुशार लोकांनी लिहिलेलं ते लायसन्स टेबलावर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत राहिलं. फाईलला लागली ती झिंग्यांच्या वासाची पावती.

परीक्षा सावलीतच झाली. छाया पास झाली. पुढे ती गडचिरोलीला एका ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागली. तिच्या अर्जावर पी.पी. नंबर आमचाच होता. मुलाखतीचा निरोप आला तेव्हा मी दारातून अशी ओरडले की कोपऱ्यावरून आमचे हे पाना हातात घेऊनच धावत आले.

सचिवभाऊंनी सत्कार केला. त्यांनी स्वतःचाच केला, संस्थेच्या वार्षिक अहवालात. 'फुकटात कायदेशीर' असं हेडिंग देऊन.

फोनचं डबडं पुन्हा कधी कपाटात गेलं नाही. दर रविवारी दुपारी सुमनबाई यायची, बसायची आणि फोन वाजायच्या आधी मला न चुकता विचारायची, "काही चालू तं नाई नं व तुमचं?"

आता घरात वायफाय आहे. परवा माझी नात मोबाइल आपटत बसली होती. सिनेमा उतरवत होती आणि ते गोल गोल फिरणारं चक्र थांबेना.

"आजी, काऊन येऊन नाई राह्यलं हे?"

मी चष्मा पुसला आणि आयुष्यभराच्या टेक्निकल अनुभवातून तिला पहिला प्रश्न विचारला.

"स्टँडवर जाऊन पाहिलंस का?"